तारामती ते जोधाबाई : दुर्गाबाई खोटे यांची वाटचाल

भारतीय चित्रपटाचा पाया एका मराठी माणसाने घातला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या पायाभरणीच्या वेळी एक मोठी उणीव राहिली होती, तिचा उल्लेख मात्र आपण बहुधा गमतीचा प्रसंग म्हणून करतो. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, त्यात राणी तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नव्हती. अखेरीस उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून कॅमेऱ्यासमोर उभे करावे लागले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी आल्या. त्या रंगभूमीवरून आलेल्या होत्या आणि रंगभूमीवर वावरणाऱ्या स्त्रीला समाजाने आपल्या उंबऱ्याबाहेरच ठेवले होते. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्रीचा आणि चित्रपटाचा काही संबंध असू शकतो, ही कल्पनाच त्या काळी कोणाला सहन झाली नसती.

एकोणीस वर्षांनी तीच हरिश्चंद्राची कथा पुन्हा पडद्यावर आली. मूकपटाला वाचा फुटून जेमतेम एक वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठीत आणि हिंदीत सिद्ध केला. या वेळी तारामती झालेली स्त्री मुंबईतील एका नामांकित सॉलिसिटरची कन्या, एका सधन घराण्याची सून आणि सेंट झेवियर महाविद्यालयात शिकलेली होती. तिचे नाव दुर्गाबाई खोटे. एकाच व्यक्तिरेखेच्या या दोन रूपांमधील अंतर एकोणीस वर्षांचे दिसते. ते अंतर तोडण्यासाठी एका स्त्रीला किती किंमत मोजावी लागली, हा दुर्गाबाईंच्या चरित्राचा खरा विषय आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर होते आणि घराणे मूळचे गोव्याकडील. घरात एकत्र कुटुंबाचा राबता होता आणि त्याबरोबर नव्या शिक्षणाचे वारेही होते. दुर्गाबाईंचे शालेय शिक्षण कॅथीड्रल हायस्कुलात झाले आणि पुढे त्या महाविद्यालयात दाखल झाल्या. त्या पिढीतील मराठी मुलीच्या दृष्टीने हे भाग्यच म्हणावयाचे. शिकत असतानाच खोटे घराण्यातील विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बकुल आणि हरिन ही दोन मुले झाली. येथपर्यंतचे त्यांचे आयुष्य सुखवस्तू कुटुंबातील कोणत्याही स्त्रीचे असावे तसेच होते.

परंतु वैभव टिकले नाही. खोटे घराण्याची सांपत्तिक स्थिती खालावली आणि दोन लहान मुलांची चिंता दुर्गाबाईंवर येऊन पडली. आप्तांच्या आश्रयाने दिवस काढावयाचे की स्वतः काही मिळवावयाचे, असा प्रश्न उभा राहिला. त्यांनी आधी शिकवण्या केल्या. त्या मिळकतीत भागेना. अशा वेळी मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटातील एका छोट्या कामाची विचारणा आली. आपण कशात पाऊल घालीत आहोत याची पुरती कल्पना नसताना त्यांनी होकार दिला. १९३१ साली तो चित्रपट प्रदर्शित झाला आणि लाड व खोटे या दोन्ही घराण्यांची नावे जाहिरातीत मिरवली गेली. चित्रपट सुमार होता. भूमिका काही मिनिटांची होती, परंतु बदनामी मात्र पुरेपूर पदरी आली. ज्या समाजाने अडचणीच्या काळात या स्त्रीची वास्तपुस्त केली नव्हती, त्यालाच आता तिच्या अब्रूची काळजी वाटू लागली.

प्रभातचे बोलावणे आले ते या पार्श्वभूमीवर. 'फरेबी जाल'मधील ते ओझरते दर्शन शांताराम यांनी पाहिले होते आणि त्या चेहऱ्यात त्यांना तारामती दिसली होती. पहिल्या अनुभवाने पोळलेल्या स्त्रीने दुसऱ्यांदा त्याच वाटेने जाण्याचे ठरविणे सोपे नव्हते. परंतु पौराणिक विषय, सत्त्वशील नायिका आणि काटेकोर शिस्तीची कंपनी या तीन गोष्टींनी तो निर्णय थोडा सुसह्य केला असावा. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते आणि संगीतही त्यांचेच होते. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाला अभिनय करता करता स्वतःच गावे लागे आणि वादक मंडळी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसून साथ करीत. एखादा सूर चुकला तर सगळे दृश्य पुन्हा घ्यावे लागे. अशा परिस्थितीत राजवैभव गमावून काशीच्या बाजारात विकली जाणारी, परक्या घरी राबणारी आणि पुत्राचे कलेवर उराशी धरणारी तारामती दुर्गाबाईंनी उभी केली. वैभवातून विपन्नावस्थेत येणे म्हणजे काय, हे त्यांना पुराणातून शिकावे लागले नव्हते. तो बोलपट आजही पाहावयास मिळतो, ही मोठीच भाग्याची गोष्ट आहे. कारण त्या काळातील बहुतांश चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' हाही त्याला अपवाद नाही.

या एका भूमिकेने निंदेचा सूर बदलला. ज्या घरांतून कालपर्यंत नाके मुरडली जात होती, त्याच घरांतील स्त्रिया तारामतीचे दुःख पाहून डोळे पुसू लागल्या. त्यानंतर सुशिक्षित मुलींना चित्रपटाचे दार थोडे किलकिले झाले. अर्थात एका चित्रपटाने समाज बदलत नाही. बदलली ती एवढीच गोष्ट, की नाही म्हणणाऱ्यांना आता एक उदाहरण दाखविता येऊ लागले.

प्रभातच्याच 'मायामच्छिंद्र'मध्ये (१९३२) दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणीच्या रूपात दिसल्या. पाळीव चित्ता जवळ बाळगणारी ती मानी राणी आणि सोशिक तारामती एकाच वर्षी एकाच अभिनेत्रीने साकार केल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या अभिनयाचा आवाका ध्यानात येतो. त्या काळी नटनटी कंपनीच्या मासिक पगारावर असत. दुर्गाबाईंनी मात्र एका कंपनीशी कायमचे बांधून न घेता निरनिराळ्या संस्थांच्या चित्रपटांतून कामे केली. असे करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्या कलकत्त्यास 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) या चित्रपटांत चमकल्या. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. त्यातील राम होते पृथ्वीराज कपूर. या नावाची गाठ दुर्गाबाईंच्या जीवनात पुढेही पडावयाची होती.

प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली. तेथे तयार झालेल्या 'अमरज्योती'मधील (१९३६) सौदामिनी ही दुर्गाबाईंची आणखी एक संस्मरणीय भूमिका. कायदा आईला तिच्याच मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून सौदामिनी बंड करून उठते आणि समुद्रावरील चाच्यांची नायिका बनते. कथा काल्पनिक राज्यातील आहे, वेषभूषाही अद्भुत आहे. परंतु प्रश्न मात्र त्या काळच्या घराघरांतला होता. तारामती पतीच्या सत्यासाठी सर्व काही सोसते, तर सौदामिनी सोसणेच नाकारते. चार वर्षांच्या अंतराने एकाच दिग्दर्शकाने एकाच अभिनेत्रीकडून ही दोन उत्तरे वदवून घेतली, ही गोष्ट मराठी चित्रपटाच्या अभ्यासकांनी नीट पाहावी अशी आहे. पुढे १९३७ साली दुर्गाबाई 'साथी' या चित्रपटाच्या निर्मितीत उतरल्या. पडद्यासमोरील स्त्री पडद्यामागील जबाबदारी घेऊ पाहते, हेही तेव्हा नवे होते.

चित्रपटातील नायिका आपले वय लपविण्याची पराकाष्ठा करते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. दुर्गाबाईंनी नेमके उलट केले. अत्रे यांच्या 'पायाची दासी'मध्ये (१९४१) त्यांनी छत्तीसाव्या वर्षी खाष्ट सासूची भूमिका घेतली. छळ सोसणाऱ्या सुनेचे काम केले होते वनमाला यांनी. त्या ग्वाल्हेरच्या, म्हणजे आपल्या मध्यप्रदेशच्याच. आदर्श पतिव्रतेच्या प्रतिमेवर लोकप्रियता मिळविलेल्या अभिनेत्रीने प्रेक्षकांच्या रोषास पात्र होणारे काम स्वीकारावे, यात धाडस होते. पाठोपाठ विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये (१९४२) त्या कैकेयी झाल्या. सीता साकारलेल्या स्त्रीने कैकेयीही व्हावे, असा योग क्वचितच येतो. सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये (१९४३) त्यांनी मृणालवती रंगविली. आपल्या माळव्याच्या परमार राजा मुंजाला बंदी करून आणणाऱ्या तैलपाची ही करारी बहीण. भोपाळजवळच्या भोजपूरच्या मंदिराशी ज्या भोजराजाचे नाव निगडित आहे, त्याचाच मुंज हा चुलता. त्यामुळे या भागातील वाचकाला त्या भूमिकेविषयी अधिक जवळीक वाटावी.

याच काळात दुर्गाबाई मराठी रंगभूमीकडेही वळल्या. बोलपटांनी मराठी नाटकाला उतरती कळा आणली, अशी हळहळ तेव्हा सर्वत्र व्यक्त होत होती. अशा वेळी बोलपटातील एका अग्रगण्य अभिनेत्रीने रंगभूमीवर पाय रोवून उभे राहावे, याला वेगळे महत्त्व आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी अनेक भूमिका केल्या. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई गाजली. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट' या नाटकात नानासाहेब फाटक यांच्यासमवेत त्यांनी प्रमुख स्त्री-भूमिका केली. सत्तेच्या लोभाने पतीला पातकाकडे ढकलणाऱ्या या दोन्ही स्त्रिया आहेत. कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ जातो, रंगमंचावर नटालाच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागते. ही दोन्ही तंत्रे आत्मसात करणाऱ्या कलावंतांत दुर्गाबाईंचे स्थान वरचे आहे. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने अभिनयासाठी पुरस्कार देऊन त्यांच्या या कामगिरीचा गौरव केला.

आणि मग 'मुघल-ए-आझम'. के. आसिफ यांचा हा महत्त्वाकांक्षी चित्रपट अनेक वर्षे तयार होत राहिला आणि १९६० साली प्रदर्शित झाला. त्यात अकबर होते पृथ्वीराज कपूर आणि जोधाबाई दुर्गा खोटे. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता आता सम्राट आणि सम्राज्ञी म्हणून समोरासमोर उभे राहिले. सलीम-अनारकलीची प्रेमकथा म्हणून हा चित्रपट ओळखला जातो. परंतु त्याचा खरा ताण जोधाबाईच्या वाट्याला आलेला आहे. एका बाजूला पती आणि साम्राज्य, दुसऱ्या बाजूला नवसाने झालेला मुलगा. दोघेही आपापल्या जागी हट्टी, दोघेही तिचेच. सलीम बंड करू शकतो आणि अकबर शिक्षा फर्मावू शकतो. जोधाबाईला यांपैकी काहीच करता येत नाही. तिचे सारे बळ आर्जवात आणि मौनात आहे. भव्य महाल, आरसे, फौजा आणि झळझळीत संवाद यांच्या गर्दीत त्या मौनाला स्वतःचे स्थान मिळवून देणे, ही दुर्गाबाईंची करामत होय.

पुढील दोन दशके त्या हिंदी चित्रपटाच्या माता, मावशी आणि आजी झाल्या. जेम्स आयव्हरी यांच्या 'द हाउसहोल्डर'मध्ये (१९६३) त्या शशी कपूर यांच्या आई होत्या, तर राज कपूर यांच्या 'बॉबी'मध्ये (१९७३) ऋषी कपूर यांना लहानपणी सांभाळणाऱ्या मिसेस ब्रिगांझा. म्हणजे पृथ्वीराजांची पत्नी, त्यांच्या पुत्राची आई आणि नातवाची दाई अशी एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांशी असलेली नाती त्यांनी पडद्यावर निभावली. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बावर्ची' (१९७२) आणि 'अभिमान' (१९७३) या चित्रपटांत त्यांच्यासोबत होत्या आपल्या भोपाळमध्ये वाढलेल्या जया भादुरी. जयाबाईंनी अभिनयाचे शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घेतले आणि ती संस्था उभी आहे ती प्रभात स्टुडिओच्याच आवारात. जेथे १९३६ साली सौदामिनीने बंडाचे निशाण उभारले, तेथेच तीन दशकांनंतर भोपाळची एक मुलगी रीतसर प्रवेश घेऊन, घरच्यांच्या संमतीने, अभिनयाचे धडे गिरवू लागली. दुर्गाबाईंनी सोसलेल्या बदनामीचे फळ पाहावयाचे असेल तर ते येथे पाहावे.

याच काळात मानसन्मानही आले. १९६८ साली पद्मश्री मिळाली, 'बिदाई'मधील (१९७४) आईच्या भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सर्वोच्च सन्मान पुढे तारामती साकारणाऱ्या स्त्रीकडे गेला.

दुर्गाबाईंच्या कर्तृत्वाची आणखी एक बाजू प्रेक्षकांना फारशी ठाऊक नसते. वय वाढेल तशा भूमिका कमी होणार, हे ओळखून त्यांनी लघुपट आणि जाहिरातपट यांच्या निर्मितीकडे लक्ष दिले. दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स ही संस्था उभी राहिली. दूरदर्शनवर १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील सामान्य माणसावर आधारलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका सुरू झाली, ती याच संस्थेची निर्मिती. दिग्दर्शन कुंदन शाह यांचे होते. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी वागळे दांपत्य घरोघरी नेले. बोलपटाच्या जन्मकाळी पडद्यावर आलेली स्त्री त्र्याऐंशीव्या वर्षी आपल्या संस्थेच्या रूपाने दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही पोहोचली होती. राजाराण्यांच्या कथांपासून मध्यमवर्गीय कारकुनाच्या कथेपर्यंतचा हा प्रवास भारतीय प्रेक्षकाच्या आवडीचाही प्रवास आहे.

परंतु ग्रंथालयाच्या दृष्टीने दुर्गाबाईंची सर्वांत मोलाची कामगिरी वेगळीच आहे. १९८२ साली त्यांचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मराठी अभिनेत्रींच्या आत्मकथनांची एक समृद्ध परंपरा आहे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' १९७० साली ग्रंथरूपाने आले आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) हा चित्रपट केला. लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत' आणि स्नेहप्रभा प्रधान यांचे 'स्नेहांकिता' ही पुस्तकेही रसिकांच्या परिचयाची आहेत. या मालिकेत दुर्गाबाईंच्या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे, की ते कैफियत मांडीत नाही आणि स्वतःची आरतीही ओवाळीत नाही. लाडांचे घर, सासरची पडझड, पहिल्या चित्रपटाने ओढवलेली नामुष्की, सुखाचा न ठरलेला दुसरा विवाह, हरिन या पुत्राचा अकाली मृत्यू या गोष्टी एका आयुष्यात सामावल्या आहेत. भूमिकांचा विचारही याच जमाखर्चाचा भाग म्हणून येतो. अभिनय हे त्यांचे प्रथम उपजीविकेचे साधन होते, ते पुढे व्रत झाले. पण त्यांनी साधनाला कधी कमी लेखले नाही. पोटासाठी केलेले काम आणि कलेसाठी केलेले काम अशी आपण सहज जी विभागणी करतो, ती या चरित्रापुढे टिकत नाही. तारामतीही पोटासाठीच केली होती.

कलावंताच्या भूमिकांवर रसिक बोलतात, समीक्षक लिहितात आणि समाज न्यायनिवाडा करतो. दुर्गाबाईंच्या बाबतीत तर हा न्यायनिवाडा पहिल्याच चित्रपटाबरोबर झाला होता. अशा स्त्रीने पन्नास वर्षांनंतर आपली हकीकत स्वतःच्या शब्दांत नोंदवून ठेवावी, हे एका अर्थी त्या निवाड्याला दिलेले उत्तर आहे. ज्या चित्रपटांच्या प्रती काळाच्या उदरात गडप झाल्या, त्यांच्या निर्मितीमागील श्रमांची साक्षही आता अशा पुस्तकांकडेच मागावी लागते. शांता गोखले यांनी या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला आणि ही साक्ष मराठीच्या सीमेपलीकडेही गेली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना या पुस्तकाचे मोल थोडे अधिक वाटावे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. बाग सेवनियासारख्या भोपाळच्या वस्तीत आपण हिंदी भाषक शेजाऱ्यांसमवेत राहतो. जोधाबाई त्यांना ठाऊक आहे, मिसेस ब्रिगांझाही ठाऊक आहेत. हा चेहरा जितका आपला, तितकाच त्यांचा. परंतु त्या चेहऱ्यामागील स्त्रीने आपले मन मोकळे केले ते मराठीत, आणि ते मूळ शब्दांत वाचण्याचा अधिकार आपल्याला भाषेने दिला आहे. तो अधिकार पुढच्या पिढीला द्यावयाचा, तर पुस्तक कपाटात असून भागत नाही, ते घरी न्यावे लागते. परभाषक प्रांतातील मराठी ग्रंथालयाच्या शंभर वर्षांच्या अस्तित्वाचा अर्थ याहून निराळा काय असू शकतो?

दुर्गाबाई आयुष्याच्या उत्तरकाळात अलिबागच्या परिसरात राहावयास गेल्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सीता आणि कैकेयी, छळणारी सासू आणि व्याकूळ जोधाबाई, बंडखोर सौदामिनी आणि मायाळू आजी अशा परस्परविरोधी स्त्रिया त्यांनी प्रामाणिकपणे उभ्या केल्या. यांपैकी कोणत्याही एका रूपात त्यांना बंदिस्त करता येत नाही. त्यांचे सर्वांत अवघड काम मात्र कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. १९३१ साली अपकीर्तीच्या पहिल्या आघातानंतर, दोन लहान मुलांचा विचार करून, ती स्त्री पुन्हा कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या निर्णयाचे ऋण मराठी रंगभूमीवर, चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर मानाने वावरणाऱ्या प्रत्येक अभिनेत्रीवर आहे, आणि त्यांचा अभिनय सहकुटुंब पाहणाऱ्या आपल्यावरही आहे.